तेलावरचा गिलावा

त्यानं छिन्नी भिंतीला टेकवली, हातोडा उचलला आणि तो नेमका स्वतःच्या अंगठ्यावर मारला. ओरडला नाही. अंगठा तोंडात घातला, तर जिभेला सिमेंट लागलं. थुंकला आणि पुन्हा छिन्नी धरली.

"कंडक्टर, स्वतःचंच तिकीट फाडलं वाटतं," खालून बाई म्हणाली.

ही बाई माल वाहायची. डोक्यावर घमेलं असो नसो, तिचं तोंड चालू असायचं, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. त्याला कंडक्टर म्हणत, कारण अर्धं आयुष्य तो बसमध्ये कंडक्टर होता. मग बसमध्ये यंत्रं आली, माणसं कमी केली, आणि कमी केलेल्या माणसांत तो होता. त्याच वर्षी बायको गेली. दोन्ही एकदम झाल्यामुळं लोकांना नेमकं कशाचं वाईट वाटून घ्यावं ते कळेना. बरेचजण नोकरीबद्दलच बोलले. ते सोपं होतं.

"जुनं तिकीट आहे," तो म्हणाला. "फाटलं तरी चालतं."

"मग पुढं सरका. मागं गर्दी झालीय."

कुणाच्या तरी घरातलं स्वयंपाकघर होतं. चुलीमागची भिंत वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी काळी पडली होती. मालकाला तिथं नवा गिलावा हवा होता. सकाळपासून त्याच्याकडं एकच काम होतं, ती भिंत छिन्नीनं टोचून काढायची. त्यानं बरीचशी टोचली होती आणि त्याला वाटत होतं की बरी टोचली आहे.

मिस्त्री आत आला. वयानं त्याच्या मुलाएवढा. केसांवर कायम पांढरी धूळ, त्यामुळं लांबून मोठा दिसायचा. त्यानं भिंतीवरून हात फिरवला.

"काका, हे काय आहे?"

"टोचलं की."

"टोचलं नाही. गुदगुल्या केल्यात."

रेडिओ हसली. मिस्त्रीनं त्याच्या हातातून छिन्नी घेतली, दोन-तीन घाव घातले, आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. तो उचलून त्यानं उलटा करून दाखवला. आतूनही पिवळा होता.

"वरचं काळं गेलं म्हणजे तेल गेलं असं नाही. तेल आत शिरतं. तेलावर गिलावा बसत नाही, काका. आज बसेल, गुळगुळीत दिसेल, मालक चहा पाजेल. वर्षभरात फुगेल आणि एक दिवस धपकन खाली. आणि तेल आत जसंच्या तसं."

"जसंच्या तसं?"

"तेलाला काय होतंय? भिंत जाईल एकवेळ."

मिस्त्री पापुद्रा त्याच्या हातात देऊन बाहेर गेला. त्यानं तो पापुद्रा हातात धरून ठेवला. नाकाशी नेला. मग रेडिओ बघतेय हे लक्षात आल्यावर ढिगात टाकून दिला.

*

तो या कामावर आला तेव्हा थंडी होती. पन्नाशी उलटलेला माणूस बिगारी म्हणून उभा राहिला, तेव्हा मिस्त्रीनं त्याला खालीवर बघून विचारलं होतं, "काका, कुणाला शोधताय?" काम शोधतोय म्हटल्यावर मिस्त्रीला हसावं की नाही ते कळलं नव्हतं. कंबर धरायची. हाताला चिरा पडायच्या आणि त्यात चुना जायचा. पण घरी बसण्यापेक्षा ते बरं होतं. घरी त्याला कुणी काही बोलत नव्हतं, तेच लागत होतं. मुलगा सकाळी निघताना विचारायचा, "बाबा, काही हवंय?" सून विचारायची, "बाबा, चहा घेणार?" मुक्काम लांबलेल्या पाहुण्याला विचारतात तसं.

एक गोष्ट त्याला इथं लवकर कळली. बिगारी म्हातारा झाला की त्याला काढतात. गवंडी म्हातारा झाला की त्याला विचारतात. मधे फक्त एक थापी असते, भिंतीवर माल मारायची. ती ज्याच्या हातात, तो गवंडी. तिच्यासाठी माल कालवतो आणि वाहतो, तो बिगारी.

त्याला थापी हवी होती. याआधी आयुष्यात त्यानं कुठली गोष्ट एवढी मागितली नव्हती. बायको आजारी असताना एक मागितली होती ती मिळाली नव्हती, आणि ती देणारं कुणी समोर उभंही नव्हतं.

दुपारच्या सुटीत तो साईटच्या मागच्या भिंतीवर हात बसवायचा. थापीनं माल उचलायचा आणि मनगटानं मारायचा. "ठेवायचा नाही, मारायचा," मिस्त्री सांगायचा. "देवघेव नाही ही. भांडण आहे." पहिले काही आठवडे सगळा माल त्याच्याच पायावर पडला. मग थोडा भिंतीवर राहू लागला. मग बराचसा. मारलेला माल ओला असतानाच खरवडून परत घमेल्यात घालायचा, कारण फुकट घालवायला तो कुणाच्या घरचा नव्हता.

"कंडक्टरची भिंत बघा," रेडिओ म्हणायची. "रोज कपडे घालते, रोज उतरवते."

त्या दिवशी डबा खाताना मिस्त्री आपणहून म्हणाला, "काका, तुमचा हात आता बसलाय. एक भिंत एकट्यानं करा. मी येऊन वाजवून बघीन. खणखणीत वाजली, कुठं पोकळ नसली, तर पुढच्या साईटवर थापी धरा."

"आणि नाही वाजली तर?"

"तर घमेलं आहेच. ते कुठं पळून जातंय?"

"कुठली भिंत?"

"मालकाची देणार नाही. माझं नाव जातं. तुमच्या घरात असेल एखादी? ओल आलेली, फुगलेली?"

तो डब्याच्या झाकणाकडं बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "घर चांगलं आहे."

रेडिओनं त्याच्याकडं बघितलं आणि आपला डबा बंद केला.

*

संध्याकाळपर्यंत अंगठा वांग्यासारखा सुजला. मिस्त्रीनं त्याला स्कूटरवर घेतलं आणि दारापर्यंत आणून सोडलं. मुलगा नेमका खाली उभा होता. त्यानं मिस्त्रीला चहाला वर बोलावलं. बाबांबरोबर काम करणारी माणसं त्याला अजून अवघड वाटत, त्यामुळं तो त्यांच्याशी जरा जास्तच चांगलं वागायचा.

चहा झाल्यावर मुलगा म्हणाला, "मिस्त्री, आलाच आहात तर एक बघता का? आतल्या खोलीत एक डाग आहे. मी कितीदा रंग दिला. सहा महिने गेले की परत वर येतो."

"मुलगा विचारतोय आणि बाबा गवंडीकाम शिकतायत," मिस्त्री म्हणाला. "चला, बघू."

तो उठला नाही. त्यांच्या पावलांचा आवाज त्यानं बसल्या जागी ऐकला.

त्या खोलीत तो झोपायचा. भिंतीला लागून खाट होती, आणि खाटेवर माणूस टेकून बसला तर जिथं डोकं येईल तिथं भिंतीवर एक डाग होता. गोल, तांबूस, कडेला फिकट होत गेलेला. शेवटच्या वर्षात बायकोला आडवं झोपता येत नव्हतं. झोपलं की श्वास अडायचा. म्हणून ती बसून असायची, दिवस आणि रात्र, भिंतीला डोकं लावून. उशी लावली तर सरकायची. "राहू द्या," ती म्हणायची, "भिंत गार लागते." हात खांद्याच्या वर जात नव्हते, तेव्हा केसांना तेल तोच लावायचा. त्याला ते कधीच नीट जमलं नाही. फार घालायचा. ओघळ मानेवर यायचे.

"अहो, कुलपात घालताय का?" ती म्हणायची.

मग तो मुद्दाम आणखी थोडं घालायचा.

आतून मिस्त्रीचा आवाज आला. "तेल आहे हे. कशाचं?"

"काय माहीत," मुलगा म्हणाला. "जुना डाग आहे."

बाहेर त्यानं सुजलेला अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला आणि दाबला.

"रंगानं जायचं नाही," मिस्त्री म्हणत होता. "टोचून काढा, नवा गिलावा करा. आणि मला कशाला विचारताय? घरात गवंडी आहे." तो खोलीच्या दारात आला. "काका, घर चांगलं आहे म्हणाला होतात. ही काय भिंत आहे की. आयती."

*

सुनेला दिवस गेले होते. बाळ आल्यावर ती खोली बाळाची होणार, आणि तो बाहेरच्या खोलीत झोपणार, हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नव्हतं. अशा गोष्टी घरात आपोआप ठरतात.

सून त्याच्याशी बोलायला आली तेव्हा तो दारात बसून चपलेला चिकटलेलं सिमेंट खिळ्यानं खरवडत होता.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली.

वाईट वाटून घेऊ नका म्हणून जे सुरू होतं ते कसं संपतं, हे त्याला माहीत होतं. तो खरवडत राहिला.

"मला आईंची आठवण नकोय असं नाही. पण तो डाग बघितला की त्या मला शेवटी होत्या तशाच दिसतात. त्याच्याआधीच्या दिसतच नाहीत. बाळाला घेऊन तिथं बसायचं, आणि..."

तिनं वाक्य सोडून दिलं. त्याला तिचा राग येऊ शकला असता तर बरं झालं असतं. पण शेवटी शेवटी बायकोच्या चादरी हिनं धुतल्या होत्या. पोटच्या मुलानं नाक धरलं होतं, हिनं नाही.

"करतो," तो म्हणाला. "टोचून काढावी लागेल. धूळ फार होईल. तुम्ही दोघं चार दिवस तुझ्या माहेरी जा."

"तुम्हाला जमेल ना एकट्याला?"

"परीक्षाच आहे माझी," तो म्हणाला. खिळा हातातून निसटला आणि तो उचलायला तो बराच वेळ वाकून राहिला.

बायको शेवटी होती तशीच त्यालाही दिसायची. त्याच्या आधीची त्यालाही दिसत नव्हती. पण त्याच्याकडं तेवढंच उरलं होतं.

*

ती दोघं गेल्यावर त्यानं खाट ओढून बाहेर नेली. खाट काढल्यावर डाग अधांतरी राहिला. त्या उंचीवर कधी कुणी टेकून बसलं असेल असं आता वाटत नव्हतं. नवख्या माणसाला वाटलं असतं की इथं एखादं घड्याळ टांगलेलं होतं.

जमिनीवर जुनी पोती अंथरली. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. गुदगुल्या केल्या नाहीत. घाव घातला की पापुद्रा सुटायचा, मागं लाल वीट दिसायची, धूळ नाकातोंडात जायची. अंगठा अजून दुखत होता, पण त्याचा नेम एकदाही चुकला नाही. दुपारपर्यंत वरची पट्टी झाली, मग डावीकडची, मग खालची. भिंत देवी आल्यासारखी दिसायला लागली.

शेवटी चहूबाजूंनी टोचलेली भिंत आणि मधे तेवढाच तुकडा राहिला. परातीएवढा असेल. आजूबाजूचं गेल्यामुळं आता तो उठून दिसत होता.

त्यानं छिन्नी डागाच्या मधोमध टेकवली. हातोडा उचलला. छिन्नीच्या टोकाला रंगाचा एक पापुद्रा निघाला आणि आतलं पिवळं दिसलं, ओलसर चमकणारं, जणू कालच लावलंय.

हातोडा वरच राहिला. मग हात दुखला म्हणून खाली आला.

त्यानं डबा खाल्ला. पाणी प्यायला. माल कालवला. वाळू, सिमेंट, पाणी, पुन्हा वाळू. गरजेपेक्षा जास्त वेळ कालवत बसला. परत आला तेव्हा त्यानं छिन्नी-हातोडा पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. भिंतीवर पाणी मारलं. सगळीकडं पाणी शोषलं गेलं. त्या तुकड्यावरून मात्र थेंब घरंगळून खाली आले.

"वर्षभर बसेल," तो म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मग त्यानं गिलावा केला. कुणाला सांगून पटणार नाही, पण तसा गिलावा त्याला पुन्हा जमेल की नाही अशी शंका यावी इतका तो चांगला झाला. माल मनगटातून सुटत होता आणि जिथं मारला तिथंच बसत होता. पट्टी फिरवली, कमी होतं तिथं भरलं, जास्त होतं तिथून काढलं. त्या तुकड्यावर मात्र त्यानं माल मारला नाही. तिथं थापीवर थोडा थोडा घेऊन ठेवला, आणि हातानं हलकेच दाबला. इतर ठिकाणी भांडण केलं. तिथं नाही केलं.

मिस्त्री कसा वाजवतो हे त्यानं अनेकदा बघितलं होतं. कोपरे वाजवायचा. खालची कड वाजवायचा, कारण नवखे तिथं कंटाळतात. खिडकीच्या बाजू वाजवायचा. मधे सहसा हात जात नसे. मधे सगळ्यांचंच चांगलं असतं.

*

भिंतीला पाणी मारण्यात पुढचे दिवस गेले. मिस्त्री आला त्या दिवशी मुलगा आणि सून संध्याकाळी परतणार होते. मिस्त्रीच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं खिडकीत ठेवलं आणि न बोलता भिंतीसमोर उभा राहिला. एक डोळा मिटून कडेनं बघितलं. पट्टी लावली. ओळंबा सोडला. मग खिशातून छोटा हातोडा काढून त्याच्या दांड्यानं कोपरे वाजवले. वरचे, खालचे. खालची कड पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खिडकीच्या दोन्ही बाजू.

खण, खण, खण.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही बसमध्ये फुकट दिवस काढलेत."

तो भिंतीपासून लांब, दाराला धरून उभा होता.

मिस्त्रीनं फडकं सोडलं. आत थापी होती. नवी नव्हती. मूठ हातांनी काळी झालेली, पातं झिजून अरुंद झालेलं.

"ही माझ्या मिस्त्रीची. तो गेल्यावर मी वापरली नाही. नवी घेऊन देणार होतो, पण नवी थापी हातात बसायला वेळ लागतो, आणि तुमच्याकडं..." मिस्त्री थांबला आणि हसला. "म्हणजे, ही आधीच बसलेली आहे."

"बोला की. माझ्याकडं वेळ नाही."

"तसं नाही काका."

"तसंच आहे."

दोघंही हसले. मिस्त्रीनं थापी त्याच्याकडं करायच्या आधी, गवंड्याला असते त्या सवयीनं, तिच्या मुठीनं भिंतीवर सहज एक टकटक केली. दारावर वाजवावं तशी.

डब.

मिस्त्रीचा हात तिथंच थांबला. त्यानं पुन्हा वाजवलं. डब, डब. थोडं बाजूला, खण. वर, खण. परत मधे, डब. त्यानं थापी खिडकीत ठेवली, कानामागची पेन्सिल काढली आणि वाजवत वाजवत भिंतीवर रेघ ओढत गेला. रेघ फिरून जिथून निघाली होती तिथं येऊन मिळाली. भिंतीवर एक गोल झाला.

"एवढंच आहे," मिस्त्री म्हणाला. मग वळून त्याच्याकडं बघितलं. "इथलं टोचायचं राहिलं, काका."

त्याची नजर त्या गोलावरून हलली नाही.

"तुमच्या तोंडावर दिसतंय. होतं असं. सगळीकडं टोचत येतो आणि एक जागा नजरेतून सुटते. मुलगा कधी येणार?"

"संध्याकाळी."

"मग वेळ आहे. कुणाला कळायचं नाही." मिस्त्रीनं बाह्या वर केल्या. "छिन्नी कुठंय?"

"राहू दे, मिस्त्री."

"राहू दे कसं? तुमची पहिली भिंत आहे. तुमचं नाव लागणार हिला."

"मीच राहू दे म्हणतोय. मी उचलीन घमेलं."

मिस्त्रीनं हात झटकला. "एवढ्याशा चुकीला कोण घमेलं देतं? माझी पहिली भिंत अख्खी खाली आली होती. मालकाच्या कपाटावर. कपाटात त्याच्या मुलीच्या लग्नाचे कपडे. माझ्या मिस्त्रीनं रातोरात परत करून दिली, आणि मला म्हणाला, आता तू कुणाची तरी करून देशील तेव्हा फिटलं. बसा तुम्ही."

पिशवीचं बांधलेलं तोंड मिस्त्रीनंच सोडलं. पहिल्या घावाला गिलावा एका तुकड्यात सुटला. कशालाच धरलेला नव्हता, त्यामुळं जोर लागला नाही. आत डाग होता. मिस्त्री म्हणाला होता तसा, जसाच्या तसा.

मिस्त्रीनं हातोडा खाली घेतला. बोटानं डागाच्या कडेला स्पर्श केला, बोटावर बोट चोळलं. मग डोकं वळवून, खाट जिथं असायची त्या जागेकडं बघितलं. फरशीवर खाटेच्या पायांचे ठसे अजून होते.

"इथं कुणीतरी टेकून बसायचं," तो म्हणाला.

"हो."

"काकू?"

त्यानं मान हलवली.

बाहेर कुणीतरी बादली घासत होतं, तो आवाज मधेच थांबला आणि परत सुरू झाला. आता मिस्त्रीला कळलं, असं त्याला वाटलं. आता हा छिन्नी खाली ठेवील. तो दार सोडून एक पाऊल पुढं आला.

"मग तर," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "पक्कंच करायला पाहिजे. काकूंची जागा आहे. तिथून गिलावा पडलेला बरा दिसणार नाही."

आणि त्यानं छिन्नी लावली. जपून घाव घातले, भिंतीला दुखू नये अशा बेतानं, पण खोल. वीट दिसेपर्यंत. विटेच्या सांध्यातलंही पिवळं खरवडून काढलं. भुगा खाली पडायला लागला तसा कंडक्टरनं घमेलं उचलून खाली धरलं. हात सवयीनं चालले. मिस्त्रीनं मागं न बघता हात पुढं केला की बिगाऱ्यानं त्यात हवं ते द्यायचं असतं. मिस्त्रीनं हात पुढं केला. त्यानं ब्रश दिला. पुन्हा केला, त्यानं पाणी दिलं. पुन्हा केला, त्यानं थापी दिली. माल त्यानंच कालवून आणला, नेहमीसारखा, ना पातळ ना घट्ट.

काम लवकर संपलं. मिस्त्रीनं लाकडी गुरमाळा गोल गोल फिरवून कडा मिटवल्या आणि पेन्सिलची रेघ अंगठ्यानं पुसली.

"आता वाजवू नका लगेच," तो म्हणाला. "पण हे आता आपण मेलो तरी पडायचं नाही."

कंडक्टरनं राडारोडा गोणीत भरला. गोणीचं तोंड पिळून ती खांद्यावर घ्यायला तो वाकला, तेव्हा मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं.

"आजपासून हे नाही."

"मी टाकून येतो. खालीच टाकतो, कोपऱ्यावर."

"काका, गवंड्यानं गोणी उचलायची नसते. उद्या साईटवर लोक मान ठेवणार नाहीत." मिस्त्रीनं झिजलेली थापी त्याच्या हातात दिली आणि बोटं तिच्यावर बंद केली. "आज तुमची मी उचलतो. उद्यापासून रेडिओ तुम्हाला माल आणून देईल. ऐकत बसा आता दिवसभर."

"कुठं टाकणार?"

"साईटवर भर लागतेच. मागच्या खड्ड्यात जाईल."

गोणी मिस्त्रीच्या खांद्यावर चढली. तो जिना उतरला. पायऱ्यांवर मधे मधे भुगा सांडत गेला. खाली स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. त्याला खिडकीतून बघता आलं असतं. तो बघायला गेला नाही. हातात थापी होती आणि ती खाली कुठं ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

*

संध्याकाळी ती दोघं आली. मुलानं दारातूनच भिंत बघितली आणि पिशव्या हातातच विसरला.

"बाबा, तुम्ही केली ही? एकट्यानं?" त्यानं बोटाच्या पेरानं खालचा कोपरा वाजवून बघितला, खण वाजल्यावर लहानपणी हसायचा तसा हसला. "मिस्त्री काय म्हणाला?"

"थापी दिली."

"बघ," मुलगा बायकोला म्हणाला. "घरात गवंडी आहे आपल्या."

सून हळूहळू खोलीत आली. एक हात कमरेवर होता. ती भिंतीजवळ गेली, आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा," ती म्हणाली. "इथं परत दिसतंय."

बाकी भिंत वाळून फिकट झाली होती. मधे तेवढाच गोल गडद होता.

"ओल आहे ती," तो म्हणाला. "आज थोडं भरावं लागलं तिथं. वाळली की जाईल."

"नक्की ना?"

"नक्की. आत काही नाही आता."

ती अजून बघत होती. त्यानं बादली उचलली, मग त्यात भिंतीला पाणी मारायचा जाड ब्रश बुडवला आणि त्या गोलावरून फिरवला. फिकट होत आलेली कड पुन्हा गडद झाली.

"वाळवायचंय तर पाणी कशाला मारताय?"

"मारावं लागतं. नाहीतर तडकतं."

"किती दिवस?"

"मिस्त्रीनं सांगितलंय तेवढे."

ती पिशव्या उघडायला गेली. आत बाळाची खाट कुठं ठेवायची यावर त्या दोघांची कुजबुज सुरू झाली. त्यानं ब्रश पुन्हा बादलीत बुडवला. बाकीच्या भिंतीलाही पाणी मारायला हवं होतं, पण तिकडं तो गेला नाही.